घरात मासा बाबाच आणतात

“ताजे म्हणे! ह्यांच्यापरास माझी वहाण ताजी.”

सासूबाई हे विळीला सांगत होत्या. निदान त्यांची तशी समजूत होती. मी त्यांच्या कोपराला कोपर लावून वाटण वाटत होते, त्यामुळे विळीच्या आधी मला ऐकू आलं. ताटलीत बांगडे पडले होते. डोळे असे खोल गेलेले, जणू पाहुण्यांच्या घरी लग्नकार्य उरकून, चार रात्री जागून परत आलेत.

“काय म्हणालात, आई?”

“काय नाय. तिरफळां काढ.”

“किती?”

“आसत तेवडी.”

बाहेर पडवीत बाबा, म्हणजे माझे सासरे, पायांवर पाणी घेत होते. तिथूनच त्यांनी हाक दिली, “बांगडे बघितलंस मगे? असो बांगडो आज सगळ्या बाजारात नाय!”

“नायच!” सासूबाई आतून ओरडल्या. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

वेंगुर्ल्याला आमच्याकडे रीत अशी, की मासळी घरच्या कर्त्या पुरुषाने बाजारात जाऊन स्वतः निवडून आणायची. बायकांनी साड्या निवडाव्यात, सोनं निवडावं, अगदी सूनसुद्धा निवडावी. पण मासळीला हात लावायचा तो पातेल्यात पडायच्या वेळी. मी घाटावरची, कराडकडची. लग्न होऊन आले तेव्हा मला सगळे मासे सारखेच दिसायचे, म्हणजे भयंकर. बाबांनीच मला शिकवलं. मासा डोळ्यात डोळा घालून घ्यायचा. बुबुळ फुगीर आणि चकचकीत पाहिजे. कल्ला उचलून लाल रंग बघायचा. बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. हे सगळे नियम त्यांना अजूनही पाठ होते. फक्त त्यातलं बरंचसं काम डोळ्यांचं होतं.

आणि बाबांचे डोळे... पण हे वाक्य आमच्या घरात इथवरच यायचं. इथे आलं की कोणाला तरी खोकला यायचा, कोणाला दूध उतू गेल्याचा वास यायचा.

बाजारातली मासेवाली शेवंता सुरुवातीला बाजूला काढून ठेवलेले चांगले मासे त्यांच्या पिशवीत घालायची. बाबांना त्याचा अपमान वाटला. “माका निवडूक येता,” म्हणाले, आणि ढिगात हात घालून तिने तळाशी लपवलेले शिळे नेमके वर काढले. तेव्हापासून सासूबाईंच्या कालवणात तिरफळं दुप्पट, कोकमं तिप्पट झाली. जेवताना बाबा विचारायचे, “कसो झालो?” आणि आम्ही तिघं एका सुरात म्हणायचो, “छान.” शेजारच्या मांजराला अशी रीतभात नव्हती. ते आमच्या मागच्या दाराशी यायचं बंद झालं होतं.

त्या शनिवारी बांगड्यांवर तिरफळांचा डोंगर चढत असतानाच माझा नवरा स्वयंपाकघरात शिरला. जयवंत एरवी स्वयंपाकघरात शिरतो तो जेवायला. आत येऊन कुजबुजायला लागला, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

“बाबल्या मेस्त्री सोमवारी सकाळी स्कूटर आणून सोडतोय.”

सासूबाईंची विळी थांबली.

“तुम्ही त्याला सांगितलं होतं ना, एक पार्ट मिळत नाही म्हणून?” मी म्हटलं.

“सांगितलं. आधी तो मिळत नव्हता, मग दुसरा मिळत नव्हता, मग कोल्हापूरहून येणारा वाटेत हरवला. आता तो म्हणतो, साहेब, ह्या गाडीत न मिळणारा पार्ट उरलाच नाही. मला जागा अडते.”

ह्या स्कूटरची गोष्ट सांगायला हवी. बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते. पुंडलिक ड्रायव्हर म्हटलं की अजूनही डेपोतली जुनी माणसं उठून उभी राहतात. आंबोली घाटात धुकं असं उतरायचं, की कंडक्टरला आपलीच घंटा दिसायची नाही. बाबांनी त्या धुक्यातून गाड्या उतरवल्या आणि कोणाला साधं खरचटू दिलं नाही. “तुमका धुका दिसता,” ते म्हणायचे, “माका रस्तो दिसता.” निवृत्त झाल्यावर स्कूटर घेतली आणि आमच्या शर्वरीला शाळेत सोडायचं काम आपल्याकडे घेतलं. शर्वरी तेव्हा चौथीत होती. मग एक दिवस स्कूटर आमच्याच फाटकाच्या खांबाला जाऊन भेटली. बाबा म्हणाले, खांब बांधणारा गवंडी दारुडा होता. नंतर ती एका वासराला भेटली. वासरू बेशिस्त निघालं. तेव्हापासून जयवंतने लेकाचं कर्तव्य म्हणून रोज पहाटे चाकातली हवा सोडायला सुरुवात केली. हवेचा उपाय थकला, तेव्हा बाबल्या मेस्त्रीचं गॅरेज.

“म्हणजे सोमवारपासून माझी पोर पुन्हा मागच्या सीटवर,” मी म्हटलं.

“तू एकदा बोल ना त्यांच्याशी. तुझं ऐकतात.”

“मी? मी सून. तुम्ही मुलगा आहात.”

“मुलगा आहे म्हणूनच. आई, तू सांग.”

“माका लग्नात कोणी सांगूक नाय, ह्या पण करूचा लागतला म्हणून,” सासूबाई म्हणाल्या आणि बांगड्याचं डोकं असं उडवलं, की विषय संपला.

कोणी भित्रं होतं असं नाही. पेन्शनरांच्या शिबिरात डॉक्टरांनी बाबांना तोंडावर सांगितलं होतं: काचबिंदू आहे, गेलेली नजर येणार नाही, पण आजपासून थेंब घातले तर उरलेली टिकेल; उशीर केलात तर तीही जाईल. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं, बाहेर आले, म्हणाले, “डॉक्टर शिकाऊ आसा,” आणि नंतर त्या रस्त्याने जायचंसुद्धा सोडलं. त्याला कारण होतं. त्यांचे थोरले भाऊ असेच ऐन तरुणपणी गेले होते; म्हणजे माणूस राहिला, डोळे गेले. पडवीपासून मागच्या माडापर्यंत त्यांच्यासाठी सुंभ बांधलं होतं. ते धरून ते जायचे यायचे. गावातली कार्टी सुंभाची गाठ सोडून दुसऱ्याच माडाला बांधायची आणि कुंपणाआड हसत बसायची. सुंभ परत जागेवर बांधायचं काम लहानग्या पुंडलिकाकडे होतं. म्हणून तो शब्द आमच्या घरात निषिद्ध. शर्वरीला आंधळी कोशिंबीर खेळायची असली तरी शेजाऱ्यांच्या अंगणात जावं लागायचं.

असं हे घर, आणि मी त्या घरात मासे पाळायला काचेची टाकी मांडली होती.

जयवंतच्या कचेरीतला एक साहेब बदली होऊन जाताना ती आमच्या गळ्यात घालून गेला. हात दीड हात लांबीची, बुडाला पांढरे डाग पडलेली. मला कोणी शिकवलं नव्हतं. मिळेल ते वाचलं, चुकत गेले. ओहोळातली रेती धुऊन धुऊन हात सोलवटले, मग त्यात पाणवनस्पती लावल्या. मागे गवतासारख्या लांब पातींच्या, पुढे बुटक्या, आणि एका लाकडाच्या तुकड्यावर दोऱ्याने बांधलेलं शेवाळं. आधी झाडं रुजू द्यायची, पाणी पिकू द्यायचं, मगच मासे सोडायचे, हे घरच्यांना पटवताना मला जेवढा घाम फुटला तेवढा बाळंतपणातही फुटला नव्हता. “गवताक दिवो लावन बसली आसा,” सासूबाई शेजारणीला सांगायच्या. पण एक दिवस झाडांनी पाण्यात बारीक बुडबुडे सोडले, आणि मी एकटीच त्या टाकीपुढे बसून मूर्खासारखी हसले.

मासे कुठले, हेही ठरवून टाकलं होतं. एवढ्याशा टाकीत मोठा मासा म्हणजे न्हाणीघरात हत्ती. सोनमासा झाडं उपटून खातो. एंजल लहानपणी गोड आणि मोठेपणी भाऊबंद. माझ्या मनात एक्स-रे टेट्रा होते: बोटाच्या पेराएवढे, अंगातून आरपार पलीकडचं पान दिसेल असे. थवा करून फिरतात. असून नसल्यासारखे. इतकी वर्षं सासरी काढलेल्या बाईला ते का आवडावेत, हे मी कोणाला सांगत बसले नाही.

जेवणं झाल्यावर मी विषय काढला, की उद्या कुडाळला जाऊन मासे आणीन म्हणते.

बाबांनी चूळ भरली. मिशी पुसली.

“घरात मासो कोण आणता?”

जयवंत उगाच ताटं गोळा करायला लागला.

“मी आणतंय. मगे? उद्या सगळे जाऊया.”

“अहो बाबा, हे खायचे नाहीत,” जयवंत म्हणाला.

“मासो तो मासो. पारख एकच.”

सासूबाईंनी यायला साफ नकार दिला. जिवंत मासे विकत घेऊन न खाणारी माणसं बघायला कुडाळपर्यंत कशाला जायचं, आरसा घरात आहे, असं त्यांचं म्हणणं.

रविवारी आम्ही लाल गाडीने कुडाळला उतरलो. दुकानाला तीन उंच पायऱ्या होत्या. शर्वरीने आजोबांचा हात धरला आणि गात गात चढली, “एक पायरी माझी, एक पायरी तुमची, एक पायरी दोघांची, संपली!” रस्त्यात गटार आलं तेव्हाही ती म्हणाली होती, “आजोबा, चला, लांब उडी!” मला वाटलं, काय लाडात येते ही पोर.

दुकानदार कुबल तिशीतला, केसाला जेल लावलेला, तोंडाने अखंड चालणारा. टाकीत झाडं खरी लावलीत म्हटल्यावर त्याला आमची दया आली. “खरी कशाला ताई? प्लॅस्टिकची घ्यायची. मरत नाहीत, काही नाही. बरोबर बुडबुडे सोडणारी कवटी देतो.”

“कवटी नको. एक्स-रे टेट्रा दाखवा.”

त्याने दाखवले. काचेपलीकडे एक झुळूक गेल्यासारखी वाटली. मी बघतच राहिले.

“खंय आसत?” बाबांनी विचारलं.

“हे काय काका, समोर.”

बाबांनी नाक काचेला लावलं. मग कपाळ लावलं. बराच वेळ तसेच राहिले. आतले मासे घाबरून एका कोपऱ्यात गेले. बाबा दुसऱ्या कोपऱ्यात बघत राहिले.

“ह्यांचा काटासुद्धा बाहेरून दिसतो काका,” कुबल अभिमानाने म्हणाला.

“बाहेरसून काटो दिसता? मगे आत काय रवला?” बाबा ताठ झाले. “मालात दम नाय. आणि कल्लो कसो तपासतलंस?”

“कल्ला?”

“कल्लो उचलून दाखय.”

कुबलने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग बाबांनी वाकून एका टाकीच्या पाण्याचा वास घेतला, आणि “पाण्याक घाण नाय, ह्या बरा आसा,” असं प्रमाणपत्र दिलं. दुकानातलं दुसरं एक गिऱ्हाईक जाळी हातात धरून आमच्याकडे बघत उभं राहिलं. त्याच्या घरी संध्याकाळी सांगायला गोष्ट झाली.

मग बाबा पुढे सरकले. भिंतीला लागून एक मोठी टाकी होती, तिच्यासमोर त्यांचा चेहरा उजळला. हात मागे बांधून ते उभे राहिले, डेपोत नवी गाडी बघायला उभे राहावं तसे.

“ह्यो दी.”

“कुठचा काका?”

“ह्यो निळो, पिवळ्या पट्ट्याचो. कवापासून बघतंय, जागचो हालना नाय. शांत मासो. असो मासो कोणाशी भांडणा नाय.”

मी बघितलं. त्या टाकीची नळी दुरुस्तीला काढली होती. तिच्यात पाणी होतं, रेती होती, मासा एकही नव्हता. बाबांचं बोट टाकीच्या पलीकडे भिंतीवर होतं. तिथे समुद्राचं रंगीत चित्र चिकटवलं होतं, आणि त्या चित्रात परातीएवढा निळा, पिवळ्या पट्ट्याचा मासा होता. शांत होता, यात वाद नाही.

कुबलचं तोंड उघडलं. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर येईना. जयवंतने त्याच्याकडे पाहिलं. दंड भरायला तयार असलेला माणूस पोलिसाकडे बघतो, तसं.

आणि त्या पोराने, ज्याची आमची ओळख पंधरा मिनिटांचीही नव्हती, केसांवरचं जेल चाचपलं. म्हणाला, “काका, तो... तो बुक झालाय.”

“बुक झालो?”

“हो. एक पार्टी आहे. उद्या घेऊन जाणार.”

“बघलंस?” बाबा जयवंतला म्हणाले. “चांगलो मासो उशिरा जाणाऱ्याक रवत नाय.”

मला कुबलची फार कीव आली. आमच्या घरात यायला माणसाला ह्याहून जास्त शिकावं लागत नाही. हा पोरगा पहिल्याच दिवशी घरचा झाला.

बाबांनी मग ऑस्कर पसंत केला, ताटाएवढा. मी म्हटलं, बाबा, तो बाकीचे मासे खाईल. “खाऊदे. मासो मासो खाता, तो जिवंत आसा म्हणान.” मी म्हटलं, आपली टाकी लहान आहे, त्याला वळताच येणार नाही. हे त्यांना पटलं. गाडी वळवता येत नाही तिथे नेऊ नये, हे ड्रायव्हरला पटतं. पण त्यांचा चेहरा पडला. ते एकेका काचेसमोर वाकायचे, थांबायचे, पुढे जायचे. तोंडाने “बारीक आसत, बारीक आसत,” चाललं होतं. आवाज रोजच्यासारखाच ऐटीत. फक्त शर्टाची बाही त्यांनी मुठीत धरून ठेवली होती.

शेवटच्या टाकीशी ते थबकले. आत गुरामी होते, अंगठ्याएवढे, कुंकवासारखे लाल. मागे हिरवं झाड. एक नर आळसावलेल्या माणसासारखा काचेपाशी येऊन उभा राहिला.

बाबांनी कपाळ टेकलं.

“ह्यो,” ते म्हणाले. आवाज एकदम वेगळा, लहान. “ह्यो दिसता.”

कोणी खोकलं नाही. वरच्या पंख्याचा आवाज यायला लागला.

“म्हणजे, शोभून दिसता,” बाबा ताठ होत म्हणाले.

“हो ना,” जयवंत म्हणाला.

“छान शोभतो,” मी म्हटलं.

मग मी कुबलला बाजूला घेऊन सांगितलं, की एक्स-रे टेट्रा राहू दे. ह्या गुरामीची जोडी दे. आणि बरोबर फिरायला ते लाल प्लॅटी.

“ताई, आल्यापासून तुम्ही आरपार आरपार करत होता.”

“आता लाल.”

“सगळेच लाल?”

“सगळेच.”

जयवंतने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळतं. कळण्याच्या बाबतीत आमच्या घराण्यात कोणी कमी नाही.

परतीच्या गाडीत बाबांनी पाण्याची फुगलेली पिशवी छातीशी धरली होती. कंडक्टर ओळखीचा निघाला. “पुंडलिकमामा, पुढे बसा ना, खिडकीशी!” बाबा हसले, बसले, आणि डोळे मिटून शर्वरीला एकेक वळण सांगू लागले. आता चिंच येतली. आता गाडी डावीक कलतली. आता पूल, आवाज ऐक. एकही चुकलं नाही. शर्वरी खिडकीतून बघून दर वेळी टाळी वाजवत होती. मी मागच्या सीटवर बसून ठरवत होते, की उद्या सकाळी शर्वरीला ताप आणायचा. मग परवा पोट. पोरीला रोज कुठून कुठून आजार आणायचे, याचं माझं वेळापत्रक वेंगुर्लं येईपर्यंत जवळजवळ झालं होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मासे आणले की लगेच टाकीत ओतायचे नसतात. नव्या पाण्याची सवय हळूहळू करावी लागते, नाहीतर धक्क्याने जातात. मी पिशवी मागच्या पडवीत बादलीत मोकळी केली, आणि शर्वरी टाकीतलं पाणी वाटीवाटीने आणून त्यात घालू लागली. टाकीवरचा दिवा लावून ठेवला होता. नळीच्या प्रवाहाने मागच्या लांब पाती डुलत होत्या. शेवाळ्यावर बुडबुडे.

बाबा कपडे बदलून आले. खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. जयवंत दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. सासूबाई खाली बसून नारळ खवत होत्या.

“वा,” बाबा म्हणाले.

मी पडवीतून डोकावले. त्यांचा चेहरा टाकीच्या उजेडात होता, प्रसन्न.

“वा! कशे खेळतत बघ. सांगलंय ना, पारख एकच. तो तांबडो केवडो झालो पाण्यात!”

डुलणाऱ्या पातींकडे ते बघत होते. त्यांची मान पातींबरोबर एकदा इकडे, एकदा तिकडे होत होती.

सासूबाईंचा हात खवणीवर थांबला.

“जयवंता, बघतंस मगे?”

जयवंतने चौकटीचा रंग नखाने खरवडला. “हो बाबा,” तो म्हणाला. “छान.”

“शर्वू खंय आसा? शर्वू!”

शर्वरी माझ्या शेजारून उठली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. तिच्याच पायाशी, बादलीत, सगळे मासे होते. तिनेच त्यांना मघाशी नावं ठेवली होती. ती दारात गेली. तिने टाकीकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. मग वळून माझ्याकडे. मला वाटलं, पोर आहे, आता बोलून टाकेल, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं.

“हयसर ये. सांग बघया, आजोबांचो खंयचो?”

शर्वरी त्यांच्या खुर्चीला बिलगून उभी राहिली.

“तो सगळ्यात लाल ना, आजोबा?” ती गोड आवाजात म्हणाली. “तो काय! आता झाडामागे गेला. थांबा हां, येईल. आला, आला! किती ऐटीत चालतो बघा.”

तिचं ओलं बोट काचेवरून सरकत होतं. नसलेल्या माशाच्या मागोमाग, डावीकडून उजवीकडे, मध्येच थांबून, पुन्हा पुढे. कुठे अडखळलं नाही. एवढं सफाईदार काम आमच्यापैकी कोणालाही जमलं नसतं. जयवंतला नाही, मला नाही, त्या कुबललाही नाही. दुकानाच्या पायऱ्यांवरचं तिचं गाणं मला तेव्हा कुठे खरं ऐकू आलं.

“शाबास!” बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. “माझ्या नातीची नजर माझ्यासारखी. उद्या आपली गाडी येता हां. शाळेत सोडूक आजोबाच येतले.”

“हो, आजोबा.”

“वेगान जाऊया मगे?”

“हो, आजोबा,” शर्वरी म्हणाली. ती हसत होती. खुर्चीमागे, बाबांना दिसणार नाही अशा बाजूला, तिची दुसरी मूठ फ्रॉकच्या झालरीवर आवळत चालली होती.

बाबांना दिसणार नाही अशी बाजू! त्या खोलीत दुसरी बाजू होतीच कुठे.

सासूबाई उठल्या. मांडीवरचा खोबऱ्याचा कीस जमिनीवर सांडला, त्यांनी बघितला नाही. त्या शर्वरीजवळ गेल्या, तिची मूठ झालरीवरून सोडवली, आणि तिला हलकेच माझ्याकडे सरकवलं. मग त्या बाबांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात बाबांच्या खांद्यांवर ठेवले. इतक्या वर्षांत चारचौघांदेखत त्यांनी बाबांना हात लावलेला मी पाहिला नव्हता. बाबा वळू लागले, तर त्यांनी खांदे दाबून धरले.

“चेडवाक खोटा बोलूक लावू नकात,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “मासे मागल्या पडवीत, बादलयेत आसत. ह्या काचेत एकय मासो नाय.”

बाबांची डुलणारी मान थांबली. त्यांचा चेहरा अजून टाकीकडेच होता.

“ओ, आयकतास मगे?” सासूबाईंनी वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “तुमका दिसना नाय.”